त्वचेवर उठलेल्या गाठी आणि व्हॉट्सॲपवरचा सल्ला

मुंबईतल्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे: स्तनाचा कर्करोग उलटून त्वचेवर गाठी आल्या की उपाय उरत नाही, तपासणीचा तुकडा काढायला सुई लावली तर आजार अंगभर पसरतो, म्हणून हळद-लिंबाचा लेप लावून जखम उघडी ठेवावी.

यातला पहिलाच दावा चुकीचा आहे. शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ उठलेली गाठ काही रुग्णांत तेवढ्यापुरतीच असते, आणि स्कॅनमध्ये अन्यत्र काही आढळले नाही, तर ती काढून, शक्य असल्यास रेडिएशन देऊन, आजार बरा करण्याचाच प्रयत्न केला जातो.

सुईने आजार अंगभर पसरतो, याला आधार नाही. उलट सुईने काढलेल्या त्या तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर वाढते का, हे सांगणारी प्रथिने) आणि हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन) पुन्हा तपासावे लागतात, कारण हे निष्कर्ष पहिल्या वेळेपेक्षा बदललेले असू शकतात आणि पुढचे औषध त्यावरच ठरते.

आजार इतरत्र पसरलेला असला तरी जखमेवर उपचार असतात, हे मला सर्वांत आवर्जून सांगावेसे वाटते. रक्त झिरपत असेल तर रेडिएशनने, कधी ८ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे एकक) एकाच मात्रेनेही, ते आटोक्यात येऊ शकते. इलेक्ट्रोकेमोथेरपीत ब्लिओमायसिन हे कर्करोगाचे औषध देऊन गाठीला विजेचे सूक्ष्म झटके दिले जातात, त्यामुळे पेशींचे आवरण सैल होऊन औषध आत शिरते. ही सोय मात्र सगळीकडे नाही. दुर्गंधी प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंमुळे येते आणि जखमेवर लावायच्या मेट्रोनिडॅझोल या जंतुविरोधी औषधाने ती बरीच कमी होते. वासाच्या धास्तीने लोकलच्या महिला डब्यात दाराशीच उभी राहणारी, पदर छातीशी घट्ट धरलेली बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा उपाय किरकोळ वाटणार नाही.

लेप वाळून जखमेला चिकटतो, काढताना रक्त येते, लिंबाने आग होते. उघड्या जखमेपेक्षा न चिकटणारी, स्राव शोषणारी पट्टी हवी. ती ओली करून अलगद सोडवावी.

तरीही स्थानिक उपचारांकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. परळच्या टाटा रुग्णालयाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निदानाच्या वेळीच पसरलेल्या आजारात स्तनातली मूळ गाठ काढूनही आयुर्मान वाढले नाही. तो प्रश्न वेगळा असला, तरी पसरलेल्या आजारावर अंगभर पोहोचणारे औषधच लागते. त्वचेवरच्या गाठी विरल्या म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या किंवा केमो थांबवू नये.