हापशाशेजारची वही

स्वयंसेवकांच्या आदानप्रदान दौऱ्यावरून परतल्यापासून, परदेशात किती सेवाप्रकल्प पाहिले, असे जो तो विचारतो आहे. नऊ दिवसांत चौदा पाहिले. चारच पाहिले असते तर बरे झाले असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बहुतेक भेटी एकाच साच्यातल्या होत्या: स्वागत, देणगीदारांच्या नावांची कोनशिला, प्रास्ताविक, सर्वांचे एकत्र छायाचित्र आणि पुन्हा बस. यजमानांनी मनापासून पाहुणचार केला, त्याबद्दल मी कृतज्ञच आहे. परंतु वीस मिनिटांत इमारत पाहून होते, तिथले काम कळत नाही.

मला काम कळले ते बस बंद पडल्यामुळे ज्या गावात दोन तास थांबावे लागले, तिथे. देणगीतून बसवलेल्या हापशाची देखभाल करणाऱ्या बाईंनी घरातून एक पत्र्याची पेटी आणली. तीत एक पाना, दोन झिजलेले वायसर आणि एक वही होती. कोणत्या घराने महिन्याची वर्गणी दिली, हापसा केव्हा बिघडला, सुटा भाग कोणी आणला, हे सारे त्या वहीत लिहिलेले होते आणि एका पानावर सलग अकरा दिवस ‘बंद’ एवढीच नोंद होती. बिघाड किरकोळ होता, पण देणगीदारांनी निवडलेल्या बनावटीचे भाग जवळपास कुठेच मिळत नव्हते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असतात, हा अंदाज मी अनेकदा वाचला होता. तो आकडा कसा तयार होतो, हे मला त्या पानाने शिकवले. कोनशिलेवर अर्थातच त्या बाईंचे नाव नव्हते.

बालगृहाची भेट मात्र कार्यक्रमपत्रिकेत असूच नये, असे मला ठामपणे वाटते. अशा संस्थांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांचा व देणग्यांचा ओघ सुरू राहिला की मुलांना घरापासून दूर ठेवण्यातच काहींचा स्वार्थ निर्माण होतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही 2019 च्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा व पर्यटनाच्या धोक्याची दखल घेतली आहे. आमच्यापैकी तिघे त्या दिवशी बाहेरच थांबलो. यजमानांना वाईट वाटले, आणि ही गोष्ट पत्रव्यवहार सुरू असतानाच सांगायला हवी होती, ही चूक आमची.

परदेशी जाऊन स्वयंसेवा करण्याच्या या परंपरेचा आरंभ आठवला की मन भरून येते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या, फ्रान्समधील व्हर्दूंजवळच्या एन् या गावी 1920 मध्ये स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी जर्मन स्वयंसेवकांनाही सोबत घेऊन पुनर्बांधणीचे शिबिर उभारले. शत्रू मानल्या गेलेल्या देशांतील माणसांनी एकत्र राबावे, हाच तिथला संवाद होता. आपल्याला नऊ दिवसांत घर बांधता येणार नाही हे खरे, पण एकाच ठिकाणी दोन दिवस राहून तिथल्या कार्यकर्त्यांच्या हाताखाली काम करता येते आणि हिशेबाची वही समजून घेता येते.

पुढच्या वर्षी आमच्या यजमानांचा गट आपल्याकडे येणार आहे. तीनच प्रकल्प दाखवावेत, आणि त्यांपैकी एक आपला बंद पडलेला असावा, असे मी समितीला लेखी कळवले आहे.