शॅम्बल्सची गल्ली आणि तो फॉरवर्ड

एकच मेसेज गेल्या महिन्याभरात माझ्याकडे तीनदा आला. आधी नागपूरच्या चुलतभावाकडून, मग जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर, आणि शेवटी जूनमध्ये आमच्याकडे लीड्सला येणाऱ्या आत्याकडून. आत्याने खाली लिहिलं होतं, "हे दाखवशील ना रे?" फोटो इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या शॅम्बल्स या गल्लीचा: दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंनी पुढे झुकलेली लाकडी चौकटींची घरं, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. मजकूर साधारण असा: 'हजार वर्षांपूर्वीची ही गल्ली आजही जशीच्या तशी आहे. हॅरी पॉटरची जादूची गल्ली हीच. मांसाला ऊन लागू नये म्हणून घरं मुद्दाम वाकडी बांधली. इथल्या कॉपरगेट, स्टोनगेट या नावांवरून शहराला किती दरवाजे होते ते कळतं. संत मार्गारेटचं घर आजही तिथेच उभं आहे. आणि रात्री तटबंदीच्या आत स्कॉटिश माणूस दिसला तर त्याला बाण मारायची कायद्याने मुभा आहे!'

लीड्सहून यॉर्क गाडीने अर्ध्या तासावर आहे. पाहुणे आले की तिथे चक्कर ठरलेली, त्यामुळे या गल्लीतून किती वेळा गेलोय याचा हिशेब नाही. म्हणून त्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं हे सांगायचा हा खटाटोप.

आधी हजार वर्षांचं पाहू. यात दोन वेगळ्या वयांची सरमिसळ झाली आहे. जागा खरोखर तेवढी जुनी आहे. विल्यम राजाने १०८६ मध्ये देशभराची जी जमीन-मोजणी करवली, तिच्या डोम्सडे नावाच्या दप्तरात यॉर्कच्या मांसबाजारातल्या दोन फळ्या राजाच्या सावत्र भावाच्या, मोर्तँच्या काउंटच्या, नावावर आहेत. घरं मात्र पुष्कळ नंतरची, बहुतेक १३५० ते १४७५ च्या दरम्यानची. म्हणजे सहाशे वर्षांच्या आसपास. हेही थोडं नाही, पण हजार नव्हे. यॉर्कमधली त्याहून जुनी घरं बघायची असतील तर पाच मिनिटांवरच्या गुडरॅमगेटवर जा. तिथली लेडी रो ही बुटकी, पांढऱ्या रंगाची रांग १३१६ च्या सुमाराची आहे. तिच्यासमोर सेल्फी काढणारे फारसे दिसत नाहीत.

'जशीच्या तशी' हे शब्द मला जास्त खटकतात, कारण त्यात माणसांचे कष्ट पुसले जातात. १८०० च्या सुमारास यॉर्कच्या नगरपालिकेला शहराची तटबंदी आणि वेशी पाडून टाकायच्या होत्या. वेशींपुढची बाहेरची बांधकामं पाडलीही. ती आज फक्त वॉल्मगेट बार या वेशीला शिल्लक आहेत. तट वाचला तो लोकांनी आरडाओरडा केला म्हणून, आणि त्यात विल्यम एटी हा यॉर्कचाच चित्रकार पुढे होता. १८३० च्या दशकात जुनी घरं पाडून पार्लमेंट स्ट्रीट काढला. पुढे २९ एप्रिल १९४२ च्या रात्री जर्मन विमानांनी बाँब टाकले, त्यात पंधराव्या शतकातला गिल्डहॉल जळाला. शॅम्बल्सचं म्हणाल तर विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पार मोडकळीला आली होती. नगरपालिकेनेच घरं विकत घेतली, १९५० च्या दशकात मोठी दुरुस्ती केली आणि मागची अंगणं, जुनी बांधकामं काढून तिथे बाजार वसवला. आज आपण जी गल्ली बघतो तिच्यात मध्ययुगीन लाकूड आहे, जॉर्जियन काळातल्या विटा आहेत आणि आपल्या आजोबांच्या वयाच्या सुतारांनी बसवलेले सांधेही आहेत.

घरं वाकडी का, याचं मेसेजमधलं उत्तर गाइडही देतात, त्यामुळे ते खोडताना जरा जिवावर येतं. गल्ली खाटकांची होती हे शंभर टक्के खरं. 'शॅम्बल्स' हा शब्दच मांस मांडायच्या फळीसाठी असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला. खाटीक आळी म्हटलं की आपल्याला जे कळतं तेच. (इंग्रजीत आता 'शॅम्बल्स' म्हणजे सगळा बट्ट्याबोळ. कत्तलखान्यातल्या पसाऱ्यावरून तो अर्थ आला.) १८७२ मध्येसुद्धा इथे खाटकांची पंचवीस दुकानं होती. आज एकही नाही. पण काही दुकानांच्या खिडक्यांखाली रुंद फळ्या आणि वर लोखंडी आकडे अजून आहेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना पदपथ उंच आणि मधला भाग खोल आहे, तो रक्त आणि घाण धुऊन वाहून जावी म्हणून.

गल्लीत ऊन कमी येतं हेही खरं, आणि खाटकांना ते सोयीचंच पडलं असेल. पण सोय म्हणजे कारण नव्हे. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे काढायची ही पद्धत इंग्लंडभर होती. जिथे मांसाचा एक तुकडा विकला जात नव्हता अशा गल्ल्यांतही ती दिसते. मघाशी सांगितलेली लेडी रो चर्चच्या उत्पन्नासाठी भाड्याने द्यायला बांधली होती, तरी तिचाही वरचा मजला पुढे आलेला आहे. शहरातली जमीन मोजकी आणि महाग, म्हणून वर जागा वाढवायची. शिवाय पावसाचं पाणी खालच्या भिंतीवर न पडता लांब पडतं. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतात असंही त्या मेसेजमध्ये होतं. काही ठिकाणी जवळजवळ तसं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आता 'गेट'. इथे मला हसू आवरत नाही. यॉर्कमध्ये गेट म्हणजे दरवाजा नव्हे, रस्ता. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी हे शहर घेतलं, त्यांच्या भाषेत रस्त्याला 'गाटा' म्हणत, आणि तो शब्द गल्ल्यांना चिकटून राहिला. दरवाजांना इथे 'बार' म्हणतात: बूथॅम बार, मंक बार, मिकलगेट बार. म्हणजे रस्त्याला गेट, गेटला बार आणि बारला पब! हा विनोद यॉर्कमध्ये प्रत्येक पाहुण्याला ऐकवला जातो. कॉपरगेटवर तर मराठी माणूस हमखास फसतो, कारण पुण्याची तांबट आळी डोक्यात असते. पण कॉपरगेटमधल्या 'कॉपर'चा तांब्याशी संबंध नाही. लाकूड कातून वाट्या आणि पेले करणाऱ्यांची ती आळी. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा दहाव्या शतकातली घरं आणि कातकामाचे लाकडी तुकडे ओल्या मातीत टिकून राहिलेले सापडले. नाव हजार वर्षं खरं बोलत होतं, ऐकणाऱ्यांनी अर्थ चुकवला.

नावांच्या बाबतीत उलटाही प्रकार होतो. शॅम्बल्सच्या टोकाशी व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट नावाचा इवलासा रस्ता आहे. इथे गुन्हेगारांना फटके मारत, म्हणून 'व्हिप' असं बरेच जण सांगतात. पण १५०५ मधलं नाव 'व्हिटनूरव्हॉटनूरगेट', त्यात चाबूक कुठेच नाही. तिथल्या पाटीवर त्याचा अर्थ 'काय तरी रस्ता!' असा दिला आहे. आणि यॉर्कच्या बोळांना ज्या 'स्निकलवे' या शब्दाने ओळखतात, तो ऐकायला कितीही पुरातन वाटला तरी एका लेखकाने १९८३ मध्ये तीन शब्द जोडून बनवलेला आहे. आज तो इतका रुळलाय की स्थानिक लोकही तो आजीकडून आल्यासारखा वापरतात.

हॅरी पॉटरचं दोन ओळींत उरकतो. लेखिकेने शॅम्बल्स आपण पाहिलेलीच नाही असं सांगितलं आहे. सिनेमातली गल्ली स्टुडिओतला सेट आहे, आणि पहिल्या भागात लंडनचं लेडनहॉल मार्केट वापरलंय. यॉर्कशरमधलं गोथलँड स्टेशन मात्र सिनेमात आहे, घोळ कदाचित तिथून झाला असेल. जादूच्या छड्या विकणारी दुकानं गल्लीत आहेत, पण ती सिनेमानंतरची.

स्कॉटिश माणसाला बाण मारायची गोष्ट तर सपशेल खोटी. असा कायदा लागू नाही. कुठल्याही माणसाला मारलं तर तो खूनच. चेस्टरमध्ये हीच दंतकथा वेल्श माणसांबद्दल सांगतात. तिथे निदान मूळ तरी सापडतं: १४०३ मध्ये वेल्सच्या बंडाच्या वेळी युवराजाने काढलेले कडक हुकूम. यॉर्कचे लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात, आपण ती 'फॅक्ट' म्हणून पुढे ढकलतो.

राहिलं संत मार्गारेटचं घर. मार्गारेट क्लिदरो ही याच गल्लीतल्या खाटकाची बायको. १५७१ मध्ये लग्न झालं आणि काही वर्षांत ती कॅथलिक झाली. त्या काळात कॅथलिक पाद्र्यांना आसरा देणं हा देहदंडाचा गुन्हा होता, आणि ती तो लपूनछपून करत राहिली. पकडल्यावर तिने न्यायालयापुढे गुन्हा कबूल आहे की नाही हे सांगायलाच नकार दिला. खटला उभा राहिला असता तर तिच्या मुलांना साक्षीला ओढलं असतं. न बोलणाऱ्याला शिक्षा एकच होती. २५ मार्च १५८६ रोजी ऊझ नदीच्या पुलावर तिला खाली झोपवून अंगावर दार ठेवलं आणि त्यावर दगड रचत गेले. १९७० मध्ये पोपने तिला संतपद दिलं.

शॅम्बल्समध्ये ३५ नंबरच्या घरात तिचं छोटंसं प्रार्थनास्थळ आहे, लोक येऊन शांत बसतात. पण अठराव्या शतकात गल्लीतल्या घरांचे नंबर बदलले. तिचं राहतं घर समोरच्या बाजूचं, आजचं १० नंबरचं, असावं असं आता मानतात. तरी प्रार्थनास्थळ हलवलेलं नाही. जूनमध्ये आत्याला आधी ३५ नंबरमध्ये घेऊन जाईन, ती नक्की हात जोडेल. मग बाहेर काढून १० नंबरसमोर उभी करीन. दोन्हींच्या मध्ये चार-सहा पावलं आहेत.