‘चूक कामगाराचीच’ म्हणे!

महामार्गांच्या कामावरच्या सुरक्षेबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ८८ टक्के अपघात कामगारांच्या निष्काळजीपणामुळे होतात, हेल्मेट-जॅकेट सक्तीचं केलं की प्रश्न मिटला, आणि जोखमीचं विश्लेषण, म्हणजे कामाआधी धोके ओळखून त्यांचा तक्ता करणं, हे नुसते कागदी घोडे.

आधी ८८ चा आकडा. तो महामार्गांचा नाहीच. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली तो मांडला, तोही विम्याच्या फायली आणि कारखानदारांच्या नोंदींवरून. त्या मूळ नोंदी आज तपासायलाही मिळत नाहीत. आणि मालकाकडच्या नोंदीत ‘कारण’ या रकान्यापुढे मालक स्वतःचं नाव थोडंच घालणार!

मागे येणाऱ्या डंपरखाली माणूस सापडतो, तेव्हा ‘कामगार गाडीमागे उभा होता’ असं लिहून फाइल मिटते. तो तिथे का होता? पेव्हरमध्ये, म्हणजे रस्त्यावर डांबरी थर पसरणाऱ्या यंत्रात, माल ओतायला डंपर मागेच घ्यावा लागतो आणि कोणीतरी हात दाखवावाच लागतो. डंपरच्या अगदी मागचं ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. रिव्हर्सचा भोंगा म्हणाल, तर चार गाड्यांचा दिवसभर चालू असतो, कान मरतात. यावर ‘लक्ष देत जा’ हा उपाय नव्हे. डंपर एकीकडून आत येऊन दुसरीकडून बाहेर पडतील अशी वाट आखायची, म्हणजे रिव्हर्स कमीत कमी. इशारा देणारा एकच, त्याची जागा ठरलेली, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची.

जॅकेट हवंच, पण ते बघणाऱ्यालाच दिसतं. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. ड्रायव्हरने दोन सेकंद मोबाइलमध्ये डोकावलं की ४४ मीटर गेले. वेग ४० वरून ८० झाला की धडकेची ऊर्जा चौपट. म्हणून बरंच आधी फलक, मग रस्त्यावर ठेवतात त्या शंकूंची तिरकी रांग, आणि माणसांच्या अलीकडे मोकळा पट्टा. ‘रिकामाच आहे, खडी टाकू या’ म्हणून तो पट्टा भरला की संपलं. शक्य असेल तर वाहतूकच दुसरीकडे वळवावी. अर्थात, त्या रस्त्यावरचा धोका मग आपल्याच हिशेबात धरायचा.

कागदी घोड्यांचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. मागच्या कामाचं नावही न बदलता उतरवलेले तक्ते असतात. शिवाय तक्त्यात प्रत्येक धोक्याच्या शक्यतेला आणि तीव्रतेला एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात; या गणितात रोजचं किरकोळ खरचटणं ५×१ आणि क्वचित ढासळणारा चर १×५, दोन्हींची उत्तरं ५. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. तेव्हा जीव जाऊ शकतो ती ओळ गुणाकार न बघता वर घ्यायची. रात्री पाऊस पडला, तर सकाळी कोणी खाली उतरण्याआधी चर कोण तपासणार आणि काम कोण थांबवणार, हे त्या ओळीपुढे नावानिशी लिहायचं.