फिक्सिंग होतं, पण ‘सगळंच फिक्स’ हे खोटं आहे

व्यावसायिक फुटबॉल म्हणजे आधी लिहून ठेवलेलं नाटक, असं सांगणारा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 2022चा वर्ल्ड कप अर्जेंटिनाच्या मेस्सीला द्यायचा हे ठरलेलंच होतं, व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासणारी यंत्रणा) हे निकाल फिरवायचं यंत्र आहे, आणि फिक्सिंगची एवढी प्रकरणं उघडकीला आली, त्या अर्थी सगळेच सामने फिक्स असतात. मला फिक्सिंगची मनस्वी चीड आहे, आणि म्हणूनच हा मजकूर मला गप्प बसू देत नाही.

‘अर्जेंटिनाला पाच पेनल्टी मिळाल्या.’ मिळाल्या, हे खरंच आहे. पोलंडविरुद्धची तर मला आजही पटत नाही. गोलकीपरचा हात मेस्सीच्या चेहऱ्याला ओझरता लागला, तेवढ्यावर पेनल्टी द्यायची नसते. पण ती मेस्सीनेच मारली आणि त्याच गोलकीपरने, श्चेस्नीने, अडवली. त्याआधी सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे तीन गोल पूर्वार्धातच ऑफसाइड, म्हणजे खेळाडू नियमापेक्षा पुढे होता म्हणून, रद्द ठरले आणि तो सामना ते 1-2 हरले. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सने बरोबरी साधली ती भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला. मेस्सीला जिंकवायचं ठरलेलं असतं, तर रेफरीने सामना संपल्याची शिट्टी कधीच वाजवली असती.

आणि अंतिम सामना आठवा. 3-3 अशी बरोबरी, जादा वेळही संपून तिसरं मिनिट चालू. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलसमोर, त्याने चेंडू हाणला आणि अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय ताणून तो अडवला. पाय वीतभर इकडे-तिकडे असता तर कप फ्रान्सचा होता. असा क्षण कोणी लिहून ठेवू शकत नाही.

‘व्हीएआर निकाल फिरवतो.’ 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस दियाझने गोल केला, सहायक रेफरीने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरने रेषा आखून पाहिल्या, दियाझ ऑफसाइड नव्हता. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीत व्हीएआरने ‘तपासणी पूर्ण’ असं कळवून टाकलं. खेळ सुरू झाला आणि मग व्हीएआरच्या खोलीतल्यांच्या चूक लक्षात आली. खेळ एकदा सुरू झाला की नियमाप्रमाणे मागे जाता येत नाही. लिव्हरपूल 1-2 हरलं. त्या खोलीतलं संभाषण नंतर जाहीर केलं गेलं, ते जरूर ऐका. चूक कळल्यावर उडालेली घाबरगुंडी त्या आवाजांत स्पष्ट कळते. कट शिजवणारी माणसं अशी बोलत नाहीत. हा अक्षम्य गलथानपणा होता, त्याला बेइमानी म्हणू नका.

रेफरींवर प्रेक्षकांचं दडपण येतं हेही मान्य. स्पॅनिश लीगच्या एका अभ्यासात दिसलं, की यजमान संघ एका गोलने मागे असला की रेफरी भरपाईची मिनिटं जास्त देतात. पण दडपण वेगळं आणि लाच वेगळी.

आता ‘एवढी प्रकरणं’. ती खरी आहेत, आणि नीट पाहिली तर या मजकुराच्याच विरुद्ध जातात. जर्मनीत 2004 साली कप स्पर्धेत हॅम्बुर्ग 2-0ने पुढे होतं, आणि पाडरबॉर्न 4-2ने जिंकलं. दोन पेनल्टी आणि एक लाल कार्ड देणारा रेफरी रॉबर्ट होयझर सट्टेबाजांचा माणूस निघाला. त्याच्याबद्दल तक्रार कोणी केली? त्याच्याच सहकारी रेफरींनी. इटलीत 2006 साली रेफरींच्या नेमणुकांतल्या ढवळाढवळीमुळे युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली आणि क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकललं.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 1997 साली सट्टेबाजांनी काय केलं, ठाऊक आहे? मैदानावरचे दिवे घालवले. वेस्ट हॅम विरुद्ध क्रिस्टल पॅलेस 2-2 असताना अंधार झाला. उत्तरार्धात सामना थांबला तर आशियाई सट्टाबाजारात त्या क्षणीच्या गोलसंख्येवर पैसे मिळत. 1999 साली चार्ल्टनच्या मैदानावर तोच डाव एका सुरक्षारक्षकाला फितवून रचला होता, तो आधीच पकडला गेला. सगळे खेळाडू-रेफरी खिशात असते, तर दिव्यांच्या तारांशी खेळायची पाळी का आली असती?

धोका खालच्या श्रेणीत जास्त आहे. जिथे पगार महिनोन्‌महिने थकतो आणि कॅमेरे नसतात, तिथल्या एखाद्या खेळाडूला गाठणं सोपं जातं. सगळ्यांचं लक्ष मेस्सीच्या पेनल्टींवर खिळलं, की तिकडे बघायला कोणी उरत नाही.

एक माणूस मात्र या मजकुरात साफ विसरला गेलाय. 1993 साली फ्रान्समधल्या मार्सेल क्लबच्या वतीने वालांसिएन क्लबच्या तीन खेळाडूंना पैसे देऊ केले गेले. निरोप असा: आमच्याविरुद्धचा सामना हलक्या हाताने खेळा, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबस्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी आमच्या कोणाला दुखापत नको. त्यातल्या एकाच्या नातेवाइकाच्या बागेत अडीच लाख फ्रँक पुरलेले सापडले. हे प्रकरण बाहेर आलं ते त्या तिघांतल्याच झाक ग्लासमनमुळे. त्याने नकार दिला आणि क्लबला सांगून टाकलं. मार्सेलचं फ्रेंच लीगचं विजेतेपद गेलं, आणि ग्लासमनला फ्रान्सच्या मैदानांवर प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हिणवलं. ‘सगळेच विकलेले’ असं लिहिताना तुम्ही त्यालाही विकलेल्यांतच मोजता.