‘अल्पवयीन आहे, तुम्हाला कागद मिळणार नाहीत’ असं सांगितलं तर

आरोपी १८ च्या आतला निघाला की फिर्यादीला हमखास ऐकवलं जातं, ‘केस गोपनीय आहे.’ हे अर्धंच खरं. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ९९ मुलाविषयीचे अहवाल गोपनीय ठेवतं, पण त्याच कलमाचं पोटकलम २ सांगतं की पीडिताला आपल्या प्रकरणाची नोंद, आदेश आणि संबंधित कागद नाकारता येणार नाहीत. नकलेच्या अर्जात ‘कलम ९९(२)’ असं ठळक लिहा. तोंडी विचारणाऱ्याला तोंडीच नकार मिळतो.

एफआयआर झाली नाही म्हणून लगेच पोलिसांना धारेवर धरू नका. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, प्रौढाला ७ वर्षं किंवा जास्त शिक्षा होईल असा गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपीही नसेल, तर फक्त स्टेशन डायरीत नोंद होते. त्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख मात्र घेऊनच ठाण्याबाहेर पडा.

खरी लढाई वयावर, आणि नेमके तिथेच फिर्यादी गाफील राहतात. वय धरायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं, अटकेच्या नव्हे. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र; ते नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला; हे काहीच नसेल तरच हाडांची चाचणी. त्यामुळे दाखला असताना ‘चाचणी करा’ म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पहिल्या शाळेचं जनरल रजिस्टर मागवा आणि मुख्याध्यापकांना साक्षीला बोलवा, असा अर्ज द्या. प्रवेशाच्या वेळी तारीख कशावरून लिहिली, मागाहून खाडाखोड झाली का, हे त्या एका ओळीत दिसतं.

मुलगा १६ ते १८ मधला आणि गुन्ह्याची किमान शिक्षा ७ वर्षं असेल, तरच कलम १५ चं प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का याची तपासणी, होते. किमान, कमाल नव्हे! खून न ठरणारा सदोष मनुष्यवध म्हणूनच यातून सुटतो, आणि लोकांना ते पटत नाही. ही तपासणी करणाऱ्या बाल न्याय मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुरुग्राममधल्या शाळेतील खुनाच्या प्रकरणात सांगितलं. मदत घेतली का ते रोजनाम्यात (मंडळाच्या दर तारखेच्या कामाच्या नोंदीत) तपासा. नाहीतर तुमच्या बाजूने झालेला आदेशही अपिलात परत येतो. विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस.

जामिनाला विरोध करताना गुन्हा किती भीषण होता यावर पानं खर्चू नका, कलम १२ चे निकष वेगळे आहेत. सुटल्यावर मुलगा ज्या टोळक्यात परत जाणार ते दाखवा, धमकी आली असेल तर तारीख-वेळ टाका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच. त्यासाठी शिक्षा लागण्याची वाट बघावी लागत नाही.

आणि रागाच्या भरात त्या मुलाचं नाव-फोटो फेसबुकवर टाकू नका. कलम ७४: ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.