तीनशे मीटर पुढे

टँडेम सायकलीवर, म्हणजे पुढे-मागे बसून दोघांनी चालवायच्या सायकलीवर, मागे बसणाऱ्याला फारसे अधिकार नसतात. आमच्या टँडेमचे ब्रेक पुढे, गिअर पुढे आणि मागचे हँडल पुढच्या सीटच्या दांड्यालाच आवळलेले असल्यामुळे ते तसूभरही वळत नाही. देखावा म्हणाल, तर आमच्या ह्यांची घामाने भिजलेली पाठ. आपण किती वेगाने चाललो आहोत, एवढे तरी दर वेळी न विचारता कळावे, म्हणून मी माझ्या हँडलवर स्वतंत्र सायकल-कॉम्प्युटर मागितला.

पहिला जुन्या पद्धतीचा बिनतारी होता. पुढच्या चिमट्यावर सेन्सर आणि चाकाच्या तारेवर इवलेसे चुंबक. असल्या सेन्सरचा संदेश जेमतेम ६०-७० सेंटिमीटर पोहोचतो आणि माझे हँडल त्याच्या बरेच पलीकडे, त्यामुळे कात्रजच्या जुन्या घाटातून जीव मुठीत धरून उतरत असताना माझा कॉम्प्युटर अत्यंत शांतपणे शून्य दाखवत होता.

मग दोघांनाही अँट प्लस नावाच्या बिनतारी पद्धतीवर चालणारे कॉम्प्युटर घेतले आणि मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, एकच सेन्सर बसवला. हा सेन्सर आकाशवाणीसारखा असतो; एकाने सांगावे आणि कितीही जणांनी ऐकावे. मात्र तो सांगतो फक्त चाकाचे फेरे. एका फेऱ्यात किती अंतर पडते, हे ज्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आपण भरायचे असते, आणि खरी ठिणगी इथेच पडली. ७०० × २८ टायरचा परीघ २१३६ मिलिमीटर, असे तक्त्यात छापलेले आहे आणि छापलेल्या गोष्टीवर ह्यांची श्रद्धा आहे. माझे म्हणणे असे, की दोन माणसांच्या वजनाखाली टायर दबतो, तेव्हा दोघांनी बसूनच मोजावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघे गंभीर चेहऱ्याने सायकलवर बसलो, वॉचमनकाकांनी व्हॉल्व्ह खाली आला तिथे खडूने रेघ मारली आणि एक फेरा झाल्यावर दुसरी. टेप म्हणाली, २१२०.

"सोळा मिलिमीटरनं काय होतंय?" हे म्हणाले आणि त्यांनी २१३६ कायम ठेवले. चाळीस किलोमीटरांवर तीनशे मीटर होतात. त्यामुळे एकाच सायकलवर, माझ्या नाकासमोर बसून, हे दर रविवारी पानशेत रस्त्यावर माझ्यापेक्षा तीनशे मीटर जास्त सायकल चालवतात आणि घरी आल्यावर तसे सांगतातही.

पुढे हृदयाचे ठोके मोजणारे छातीचे पट्टे आले. शेजारीशेजारी उभे राहून जोडल्यामुळे ह्यांच्या कॉम्प्युटरने माझे हृदय पकडले आणि माझ्या कॉम्प्युटरने ह्यांचे. चढावर ह्यांना ११२ ठोके दिसत होते. "बघ, सरावाचा परिणाम!" असे ते पुढून ओरडले, तेव्हा माझ्या पडद्यावर १६८ होते आणि मी डोंगर बघत निवांत गाणे गुणगुणत होते. नंतर एकाला गच्चीवर पाठवून पट्टे पुन्हा जोडले, तेव्हा ११२ हा आकडा नेमका कोणाचा, हे उघड झाले.

कॅडन्सबद्दल, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे किती याबद्दल, मात्र आमच्यात वाद नाही. दोघांचेही क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, डाव्या बाजूच्या चेनने एकमेकांना बांधलेले असल्यामुळे ह्यांचे ७८, तर माझेही ७८. मात्र फिरणाऱ्या पायात जोर किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि ह्या व्यवस्थेत मला काडीची उणीव दिसत नाही. हल्ली हे रात्री उशिरापर्यंत पायाचा जोर मोजणाऱ्या, पेडलमध्ये बसणाऱ्या पॉवर मीटरच्या किमती पाहतात. ते मागच्या पेडललाही बसतात म्हणे. मी सांगून ठेवले आहे, की आधी स्वयंपाकघरातली चिमणी बदलायची आहे.