मतदान झालं असतं, तरी कोळशाचे ढीग होतेच

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. 1984-85चा ब्रिटिश खाणकामगारांचा संप त्यांच्या युनियनचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल यांनी देशभर गुप्त मतदान न घेतल्यामुळे फसला, हा पहिला. आणि सरकारचा '70 खाणी बंद करण्याचा डाव' ही त्यांनीच उठवलेली आवई होती, हा दुसरा. पहिला निम्मा मान्य, दुसरा साफ अमान्य.

जानेवारी 1982, ऑक्टोबर 1982 आणि मार्च 1983 अशा तीन मतदानांत कामगारांनी संप नाकारला होता. म्हणून 1984मध्ये युनियनच्या नियम 41चा आधार घेऊन एकेका विभागाचा संप मंजूर केला गेला. एप्रिलमध्ये संपासाठी लागणारी 55 टक्क्यांची अट साध्या बहुमतावर आणली, आणि तरीही मतदान टाळलं. हे सरकारच्या हाती आयतं कोलीत देणं होतं, यात वाद नाही. पण मतदान नाही म्हणून कामावर जात राहिलेल्या नॉटिंगहॅमशायरच्या खाणकामगारांची लोकशाहीनिष्ठा मला तेवढी भाबडी वाटत नाही. 1977मध्ये देशभरच्या मतदानाने नाकारलेली उत्पादन-बोनसची योजना त्यांच्यासह अनेक विभागांनी बिनदिक्कत स्वीकारली होती, आणि कोर्टाने ती चालवून घेतली. त्यामुळे 1984मध्ये मतदान होऊन कौल संपाच्या बाजूने लागला असता, तरी ते सगळे बाहेर पडलेच असते असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

खरी मेख साठ्यात होती. 1972 आणि 1974चे संप ऐन हिवाळ्यात झाले आणि वीज तुटली. हा संप मार्चमध्ये, म्हणजे विजेची मागणी उतरताना सुरू झाला. तेव्हा खाणींच्या आवारात आणि वीजकेंद्रांवर मिळून सुमारे 5 कोटी टन कोळसा पडून होता. वीजकेंद्रांत तेल जाळणं वाढवलं, अणुवीज होतीच, आणि नॉटिंगहॅमशायरचा ताजा कोळसा येतच राहिला. आपल्या गिरणी संपात भिवंडीचे यंत्रमाग चालू राहिले, तसंच हे. शिवाय युनियन संपभत्ता देत नसताना तो मिळतो असं गृहीत धरून संपकऱ्याच्या कुटुंबाच्या सरकारी मदतीतून आठवड्याला 15 पौंड कापले जात. ही तजवीज 1980च्या कायद्यातच करून ठेवलेली होती.

सरकारचं धाबं खरं दणाणलं ते ऑक्टोबर 1984मध्ये, आणि तेही स्कारगिल यांच्यामुळे नव्हे. खाणीत डेप्युटी म्हणून एक हुद्दा असतो. चंद्रपूर-वणीकडे मायनिंग सरदार आणि ओव्हरमन जे बघतात तेच काम. वायू तपासणं, छताचे आधार पाहणं, हवा खेळती आहे ना याची खात्री करणं. त्यांच्याशिवाय कायद्याने कुणालाही खाली उतरवता येत नाही. खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा मंडळाने ऑगस्टमध्ये फर्मान काढलं की संपकऱ्यांचा पहारा ओलांडून कामावर या, नाहीतर पगार नाही. डेप्युटींच्या युनियनने, नॅकॉड्सने, मतदान घेतलं आणि 82.5 टक्के संपाच्या बाजूने पडले. ते बाहेर पडते तर नॉटिंगहॅमशायरही बंद पडतं. पण ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, 24 ऑक्टोबरला, तडजोड झाली. पदरात काय पडलं? खाण बंद करण्याआधी स्वतंत्र समितीकडे दाद मागायची सोय, पण समितीचा निर्णय मंडळावर बंधनकारक नाही. 1986मध्ये नॉर्थम्बरलंडमधली बेट्स खाण चालू ठेवा असं याच समितीने सुचवलं. मंडळाने ती बंद केली.

मला विचाराल तर संप तिथे हरला. 3 मार्च 1985ला युनियनच्या प्रतिनिधींनी 98 विरुद्ध 91 मतांनी कामावर परतायचं ठरवणं हा नंतरचा हिशेब.

आता '70 खाणींची आवई'. मंडळाने जाहीर केल्या होत्या 20 खाणी आणि 20 हजार नोकऱ्या. जून 1984मध्ये अध्यक्ष मॅकग्रेगर यांनी घरोघरी पत्र पाठवून 70चा आकडा खोटा ठरवला. जानेवारी 2014मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदांत सप्टेंबर 1983चं टिपण आहे: तीन वर्षांत 75 खाणी बंद, कामगार 2 लाख 2 हजारांवरून 1 लाख 38 हजारांवर. त्याची छायाप्रत काढू नये, अशी सूचनाही त्यावर आहे.